क्योतोतली ती बाई

अहो,

परवा तुमचा फोन वाजला. मी तो अजून रोज चार्जिंगला लावते आणि आपला अनिकेत रोज काढून ठेवतो. अबू धाबीच्या ऑफिसातले देसाई होते. त्यांना काही कळलेलंच नव्हतं. मी हॅलो म्हणायच्या आत ते सुरू झाले, "साहेब, सॉरी हां, संडेला डिस्टर्ब करतोय. जपानहून गेस्ट आलेत. आठवडाभर कबाब खाऊन वैतागलेत बिचारे. ट्रॅडिशनल पाहिजे म्हणतात, मॉलमधलं फॅन्सी नको. कुठे नेऊ, फटाफट सांगा, गाडीतच बसलोय."

साहेब गेले, एवढं सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण मी म्हणाले, "ते अंघोळीला गेलेत." आणि तेवढ्यावर न थांबता मीच त्यांना सांगायला लागले. दुबईत देरा भागात खाडीच्या बाजूला जुन्या हॉटेलात वरच्या मजल्यावर एक जागा आहे. तिथे मेन्यू कार्ड मागू नका, म्हाताऱ्या शेफला विचारा आज काय केलंय. सूप वाटी तोंडाला लावून प्यायचं, चमचा मागितलात की त्याच्या मनातून उतरलात. भातावर सोया सॉस ओतलात तर माझं नाव सांगू नका. एकेक वाक्य माझ्या तोंडून तुमच्या सुरात बाहेर पडत होतं, मधे मधे तुमचं ते "काय?" सुद्धा. देसाई हसले, "थँक्यू वहिनी, साहेबांनी तुम्हाला पण एक्स्पर्ट केलं." फोन ठेवला आणि मी बाथरूमचं दार लोटून आत बघितलं. फरशी कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांना कुणाकडून तरी कळलं. वहिनी, माफ करा, मला खरंच माहीत नव्हतं, असा मेसेज आला. त्याच्याखाली लिहिलं होतं, जागा फार छान होती, गेस्ट खूश.

अशी तुमची ख्याती. जबल अलीतल्या गोदामात कंटेनर चढवण्या-उतरवण्यात तुमची हयात गेली, पण लोक तुम्हाला ओळखायचे ते दुबईत खरं जपानी जेवण कुठे मिळतं हे सांगणारा माणूस म्हणून. कंपनी जपानी, त्यामुळे पाहुण्यांना जेवायला नेण्याचं काम तुमच्या गळ्यात पडलं आणि तुम्ही ते हौसेनं गळ्यात मिरवलंत. मंडळाच्या गणपतीत आरती संपली की कोणीतरी तुम्हाला कोपऱ्यात गाठायचंच. "काका, ती नवीन सुशीची जागा कशी आहे?" आणि तुम्ही हातातला मोदक तसाच धरून, "सुशी म्हणजे जपान नव्हे. वडापाव म्हणजे महाराष्ट्र आहे का? काय?" समोरचा बिचारा ताटकळायचा. मी लांबून बघत असायचे आणि मनात म्हणायचे, आता क्योतो येणार. यायचंच.

अनिकेत लहान होता तेव्हा कंपनीनं तुम्हाला ओसाकाला ट्रेनिंगला पाठवलं. तिथे राहायची सोय होईना म्हणून मुक्काम क्योतोला, रोज ट्रेननं जा-ये. जुनं शहर, लाकडी घरं, अरुंद बोळ, गल्लीगल्लीत देवळं. लोक तिथून देवळांचे फोटो आणतात. तुम्ही एक शब्द आणलात. ओबानझाई. बोळातल्या एका चिमुकल्या खानावळीत तुम्ही रोज संध्याकाळी जेवत होतात, त्या जेवणाचं म्हणे हे नाव. लांब फळीवर मोठमोठे वाडगे मांडलेले, बोट दाखवायचं आणि ते पुढ्यात यायचं. मंद शिजवलेला मुळा, लाल भोपळा, वांगी, तिळाचं कूट लावलेली पालेभाजी, मिरचीबरोबर परतलेली बारीक सुकी मासळी. "अगदी आपल्या सुकटीची बहीण," असं म्हणताना तुमचे डोळे मिटायचे. आणि मग ते वाक्य यायचं. "एक बाई होती. ती वाढायची."

एक बाई होती. बस. वय काय, दिसायला कशी, तुम्हाला काय म्हणून हाक मारायची, काही नाही. विचारलं की तुम्ही मिशीत हसायचात आणि पाण्याचा पेला तोंडाला लावायचात.

मी संशय घेतला. त्याबद्दल माफीबिफी मागणार नाही, घेण्यासारखंच होतं ते. परदेशात एकटा राहून आलेला नवरा डोळे मिटून "एक बाई होती" म्हणतो, तेव्हा कुठली बायको कौतुक करील? आणि तिथेच थांबलं असतं तर गोष्ट वेगळी. पण तुम्ही इथे दुबईत ते जेवण शोधत सुटलात. नवीन जपानी जागा उघडली की आपण पुढच्या शुक्रवारी तिथे हजर, तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची. वेटर बहुतेक फिलिपिनो, गोड मुलं, त्यांना तुमचा तो शब्द कसा कळावा? तुम्हीही तो धड म्हणायचा नाहीत, पुढचा "ओ" तुमच्या मिशीतच राहायचा. त्या उंच टॉवरमधल्या जागी तुम्ही दोनदा मोठ्यानं "बानझाई, बानझाई" म्हणालात, आणि बानझाई म्हणजे जपानीत जयजयकार, त्या पोराला वाटलं साहेबांना जल्लोष करायचाय. तो आत गेला, दिवे मंद झाले आणि सगळा स्टाफ टाळ्या वाजवत मेणबत्ती लावलेला केक घेऊन आला. अनिकेत टेबलाखाली तोंड लपवून "डॅड, प्लीज, लेट्स गो" करत होता. तुम्ही मात्र उठून उभे राहिलात, मेणबत्ती फुंकलीत आणि शेजारच्या टेबलांना केक वाटलात. इतकी हसले मी त्या दिवशी. गाडीत बसल्यावर परत फुगले, ते वेगळं.

घरीही ती असायचीच. तुम्ही जेवणाआधी ताटलीत शेंगदाणे घेऊन जेवायच्या जपानी काड्यांनी एकेक उचलायचा सराव करत बसायचात, टक टक टक. मी दोडक्याची भाजी वाढताना विचारायचे, "तुमच्या क्योतोवालीनं याचं काय केलं असतं?" तुम्ही नीट विचार करून सांगायचात, "तिनं साल काढली नसती." मला असा संताप यायचा! मी म्हणायचे, जा मग तिकडेच. तुम्ही म्हणायचात, व्हिसा लागतो. आणि आमटी भुरकायचात. आपले सगळे वाद असेच अर्धवट राहिले, कारण मी चिडले की तुमची भूक वाढायची.

शेवटचा वादही तिचाच. तुम्ही सोफ्यावर बसून मोजे चढवत होतात. "अगं, रविवारी शारजाला जाऊ. जुन्या बाजाराच्या मागे एक जागा सापडलीय. पोवळ्याच्या दगडाचं जुनं घर आहे, दाराला निळा पडदा लावलाय."

"मला नाही यायचं. दुबई पालथी घातलीत, आता शारजात शोधा तिला."

"यावं लागेल."

"का म्हणून?"

"सांगणार नाही."

तुम्ही हसत गेलात. मी स्वयंपाकघरातून मागून काहीतरी ओरडले. काय ते आठवत नाही. बाकी सगळं आठवतं, तुमच्या मोज्याला पडलेलं भोकसुद्धा, पण तेवढं वाक्य आठवत नाही. रविवारच्या आत तुम्ही गेलात.

तुम्हाला जबल अलीलाच नेलं, आपलं स्मशान तिकडेच आहे. ज्या रस्त्यानं रोज कंपनीच्या बसमधून डुलक्या घेत जायचात, त्याच रस्त्यानं. गोदामाकडे जाणारा फाटा आला तेव्हा मला वाटलं, आता बस वळणार. तुमच्या गोदामातली माणसं आली होती, चिपळूणची, खेडची, काहीजण ड्युटीच्या कपड्यातच. एकानं माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि झाकण उघडून दिलं, हे मला फार बरं वाटलं.

दहाव्याला आपण खोर फक्कानला गेलो. आपण म्हणजे आम्ही, पण माझ्या तोंडी अजून आपणच येतं. गुहागरहून भावजी आले होते. बर दुबई भागातले गुरुजी म्हणाले, इथे कावळा मिळायचा नाही, पूर्वेच्या किनाऱ्याला चला, तिथे बंदरात आपल्याकडचेच कावळे आहेत, जहाजांवर बसून आलेले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, त्यांच्या कागदपत्रांचं क्लिअरिंग कोणी केलं? खडकावर भात ठेवला. वर दिव्याच्या खांबावर चार-पाच कावळे बसले होते, काळे-करडे, अगदी आपल्या वाडीतले वाटावेत असे. बघत होते. खाली येईनात.

भावजी हात जोडून म्हणाले, "दादा, घराचं छप्पर मी यंदा करतो. आंब्यांकडे बघतो. काळजी सोड." कावळे हलले नाहीत. अनिकेत पुढे झाला. हळूच म्हणाला, "डॅड, आय विल टेक केअर ऑफ हर. प्रॉमिस." एक कावळा उडाला आणि पलीकडच्या खांबावर जाऊन बसला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. गुरुजी म्हणाले, "वहिनी, त्यांची काही इच्छा राहिली असेल तर बोला. तुम्हालाच माहीत असणार."

मला माहीत नव्हतं. इतका संसार केला आणि तुमचं काय राहून गेलं ते मला सांगता येईना. मनात एकच आलं, ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. तिच्या हातचं हवंय का तुम्हाला? तेच राहिलंय का? ऊन चढलं, गुरुजी घड्याळाकडे बघायला लागले. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि तो भाताला शिवला. शास्त्रात तेही चालतं म्हणे. गाडी निघाली तेव्हा मी मागे वळून बघितलं, कावळे खांबावर तसेच होते.

त्यानंतर घरात मला स्वस्थता नाही. दुपारी आडवी झाले की टक टक टक ऐकू येतं. उठून जावं तर ताटली फडताळात, काड्या डब्यात. मी ते मनाचे खेळ म्हणून सोडून दिलं असतं, पण एकदा अनिकेतही लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाला, "आई, डिड यू हिअर दॅट?" मी नाही म्हटलं. शिजणाऱ्या भाताच्या वासात मधेच तो दुसरा वास येतो, जपानी सुपाचा, सुक्या मासळीचा. मला तुमची भीती वाटत नाही हो. तुम्ही उपाशी फिरताय असं वाटतं, त्याची भीती वाटते. तेही माझ्या घरात.

म्हणून काल मी अनिकेतला म्हटलं, मला शारजाला ने.

"आई, व्हाय? इट्स जस्ट अ रेस्टॉरंट."

"गाडी काढ."

जुन्या बाजाराच्या मागे आम्ही बराच वेळ हिंडलो. सगळीच घरं पोवळ्याच्या दगडाची, सगळेच बोळ सारखे. एका अत्तरवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "जापानी अम्मा? सीधा जाओ, मस्जिद के पीछे." निळा पडदा दिसला तशी मी तो बाजूला सारून शिरले. आत बसायला जेमतेम जागा. लांब फळी आणि तिच्यावर वाडगे मांडलेले. भोपळा, वांगी, पालेभाजी. फळीच्या पलीकडे एक बाई.

माझ्याच वयाची असेल. आखूड पांढरे केस, कपाळावर चष्मा. मी खुर्चीत बसलेसुद्धा नाही, उभ्यानंच विचारलं, "ओबानझाई आहे?"

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग माझ्या मागे दाराकडे बघितलं. "बिग मिशी?" तिनं बोटानं ओठावर रेघ ओढली. मिशी हा शब्द तुम्हीच शिकवला असणार. "कंटेनर मॅन? यू आर द वाइफ? द वाइफ हू फाइट्स?"

अनिकेतनं माझा दंड धरला. मी म्हटलं, हो, मीच ती.

ती खूश होऊन टाळी वाजवत म्हणाली, "ही इज पार्किंग?"

तिला मात्र मी खरं सांगितलं. देसाईंना नाही सांगता आलं, तिला आलं. ती कमरेत वाकून बराच वेळ तशीच राहिली. मग तिनं आम्हाला बसवलं, न विचारता वाडग्यातून वाढत गेली आणि वाढता वाढता बोलत गेली. इंग्लिश तोडकं, पण बोलायची हौस दांडगी. ती मूळची क्योतोची. नवरा इथे शिकवायला होता, तो गेला, ती राहिली. तुम्ही कामासाठी शारजाच्या बंदरात आला होतात, तिथून वाट वाकडी करून दुपारचे तिच्याकडे शिरलात. सगळी कहाणी सांगितलीत. तो केकसुद्धा. आणि ती पोट धरधरून हसली होती, म्हणाली, तुम्ही गावभर ज्याचं नाव घेत फिरलात ते पदार्थाचं नावच नाही. घरात रोज जे करतात ते. हाताशी असेल त्या भाजीचं, उरल्यासुरल्याचं. आणि क्योतोत आमच्या घरात कोणी हा शब्द बोलतसुद्धा नाही. घरात म्हणतात ओकाझू, भाताबरोबर काहीतरी. मी अनिकेतला म्हटलं, तोंडीलावणं. तो म्हणाला, "व्हॉट?" ओबानझाई दुकानाच्या पाटीवर लिहितात, ती म्हणाली. बाहेरच्या गिऱ्हाइकाला सांगतात. मग माझ्याकडे वळून म्हणाली, तुमच्या मिस्टरांना ज्या बाईनं हा शब्द सांगितला, तिच्यासाठी ते गिऱ्हाईक होते.

मी काड्या खाली ठेवल्या. "ती बाई कशी होती, ते बोलले का?"

"ऑफ कोर्स. मी पण विचारलं ना! व्हेरी ओल्ड." तिनं फळीमागे स्वतः वाकून दाखवलं, नाक जवळजवळ फळीला टेकवून. "लाइक धिस. दात नाही. कान नाही. ही सेड, तिला माझं नाव पण माहीत नव्हतं, फक्त बोट दाखवलं की वाढायची." मग तिचा आवाज उतरला. "आणि म्हणाले, माझ्या बायकोला घेऊन येतो पुढच्या संडेला. यू जस्ट सर्व्ह. डोन्ट टेल हर अबाउट द ओल्ड लेडी. इफ यू टेल, शी विल स्टॉप फाइटिंग."

अनिकेत माझ्याकडे बघतच राहिला. "ही नेव्हर टोल्ड यू? ऑल दीज इयर्स?"

मी भोपळा तोंडात घातला. चांगला होता. वाईट असावा अशी माझी फार इच्छा होती, पण चांगला होता. किंचित गोड, मीठ बेताचं, साल ठेवलेली. सगळं संपवलं. निघताना त्या बाईनं माझे दोन्ही हात धरले आणि मीही तिचे धरले, आणि आम्ही दोघी अशा रडलो की अत्तरवाला आपल्या दुकानातून बाहेर येऊन बघून गेला.

परतताना शारजाचं ट्रॅफिक, गाडी जागची हलेना आणि मला तुमचा भयंकर राग आला. एका वाक्यात मिटलं असतं. अगं, म्हातारी होती, दात नव्हते तिला. एवढंच म्हणायचं होतं. मी किती वेळा विचारलं, रडून विचारलं, ताट आपटून विचारलं, आणि तुम्ही पेला तोंडाला लावून हसत राहिलात. माझ्या जिवाची तगमग बघत जेवत होतात! हे कसलं माणूस, असं मी मोठ्यांदा म्हणाले. अनिकेतनं एसी वाढवला.

मग हळूहळू ध्यानात आलं. तुम्ही विचारा कोणालाही, आपल्यात कोणी कोणाला तसलं प्रेमाबिमाचं काही म्हणायचं नाही. माझ्या आईनं बाबांना म्हटलं नाही, तुमच्या आईनं तुमच्या बाबांना नाही. तुम्ही अगं, मी अहो, त्यातच सगळं आलं असं आपण धरून चाललो. तुम्ही आजारी पडलात तर मी पेज करायचे, उशीर झाला तर फोन करून रागवायचे. गोड म्हणून तुमच्याशी मी कधी बोलले असेन तर मला आठवत नाही. फक्त त्या बाईचा विषय निघाला की माझा आवाज चढायचा, माझा चेहरा लाल व्हायचा, आणि तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं बघायचात जसं सणाला दारातल्या रांगोळीकडे बघावं. मला वाटायचं चेष्टा करताय. तुम्ही ऐकत होतात. ही बाई मला कोणाला देणार नाही, हे तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं, आणि माझ्याकडून ते ऐकायचा तेवढाच एक रस्ता तुम्हाला माहीत होता. मी दुसरा ठेवलाच नव्हता, आणि तुम्हीही कधी विचारला नाहीत.

आता ती दात नसलेली म्हातारी माझ्या काही उपयोगाची नाही. तिच्यावरून भांडता येणार नाही, आणि भांडल्याशिवाय मला तुमच्याशी बोलायची सवय नाही. तेव्हा सरळच सांगते. अनिकेत बाहेर गेलाय, घरात कोणी नाही, नीट ऐका.

तुम्ही मला हवे होतात. रोज हवे होतात. अहो, मला तुम्ही अजून हवे आहात.